वंगण आणि धूळ

'वंगण' हा शब्द आता शहरातल्या मुलांच्या कानावर फारसा पडत नाही. पडलाच तर वेगळ्या अर्थाने पडतो. "कचेरीत जरा वंगण घालावं लागेल" असं कुणी म्हटलं की सगळ्यांना बरोबर कळतं! पण मूळ वंगण बैलगाडीचं. आमच्या लहानपणी गाडीच्या खाली बांबूचं एक नळकांडं टांगलेलं असे. त्यात एरंडेलात बुडवलेल्या काळ्याकुट्ट चिंध्या. लांबचा पल्ला असला की गाडीवान चाक जरा बाहेर ओढून आसाला ते वंगण चोपडायचा. तसं केलं नाही तर गाडी वाटभर कुरकुरायची, बैलांना ओढ जास्त पडायची आणि आस व तुंबा दोन्ही झिजायचे. म्हणजे वंगण हा काही श्रीमंती थाट नव्हता. बैलांच्या मानेशी त्याचा संबंध होता.

घासणाऱ्या दोन वस्तूंमध्ये काहीतरी ओलसर घातलं की काम हलकं होतं, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचं एक चित्र आहे. शेकडो माणसं एक प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढताहेत आणि पुढच्या टोकाला उभा असलेला एक माणूस वाळूवर काहीतरी ओततोय. बरेच दिवस लोक म्हणायचे, हा काही धार्मिक विधी असावा. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की वाळू योग्य तेवढी ओली केली तर ओढायला लागणारं बळ जवळजवळ निम्मं होतं. म्हणजे तो ओतणारा माणूस भटजी नसून त्या काळचा वंगणवाला असणार. गंमत अशी की पाणी कमी पडलं तरी उपयोग नाही आणि जास्त झालं तर चिखल होऊन ओढणं पुन्हा जड होतं. हा 'योग्य तेवढी' मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

घर्षणाचे नियम लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांत टिपले होते, पण त्या वह्या छापल्या गेल्या नाहीत. पुढे १६९९ मध्ये आमाँताँ या फ्रेंच माणसाने ते नव्याने मांडले. या शास्त्राला स्वतंत्र नाव मिळायला मात्र १९६६ साल उजाडावं लागलं. इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या अहवालाने 'ट्रायबॉलॉजी' हा शब्द रूढ केला. घासणं, झिजणं आणि वंगण या तिघांचं मिळून एक शास्त्र.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना हे सगळं कुठून सुचलं? सांगते. माझा एक जुना विद्यार्थी सांगलीकडे गॅरेज चालवतो. जुन्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही. मागच्या वर्षी त्याच्याकडे एक फार्गो ट्रक आला होता. एका गूळ व्यापाऱ्याच्या घरचा, आजोबांच्या वेळचा. नातवाला तो पुन्हा रस्त्यावर आणायचा होता. मी त्या बाजूला गेले होते, म्हणून सहज डोकावले, तर तो ट्रकला क्लच बसवत होता. दोन तास मी तिथे स्टुलावर बसून राहिले. पण ते सांगण्याआधी क्लच म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं.

इंजिन सतत फिरत असतं. चाकं मात्र कधी फिरायची, कधी थांबायची. या दोघांना हवं तेव्हा जोडणारी आणि हवं तेव्हा सोडवणारी जी वस्तू, ती क्लच. इंजिनच्या मागे फ्लायव्हील म्हणून एक जड चकती असते. तिच्यावर क्लच प्लेट दाबून धरली की दोन्ही एकत्र फिरतात. पायाने पेडल दाबलं की दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. म्हणजे क्लच चालतो तो निव्वळ घर्षणावर. बाकी सगळ्या यंत्रात घर्षण हा शत्रू, इथे तोच पोशिंदा. आणि म्हणूनच क्लच बसवताना वंगणाचा प्रश्न इतका नाजूक होतो.

१८९० च्या दशकातल्या मोटारींत शंकूच्या आकाराचा क्लच असे आणि त्यावर चामडं लावलेलं असे. चामडं वाळून कडक झालं की क्लच धक्के देत धरायचा. मग त्याला गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल किंवा एरंडेल चोळून मऊ करायचे. तेल जास्त झालं की क्लच घसरायचा. मग काय करायचे? त्यावर चिमूटभर मुलतानी माती टाकायचे! हो, आपण चेहऱ्याला लावतो तीच. ती तेल शोषून घेते. त्या काळातल्या विलायती चालकांच्या सामानात ही माती हमखास असे. एरंडेल हे तर आपल्याकडचंच पीक, आणि हिंदुस्थानातून एरंडी मोठ्या प्रमाणावर परदेशी जायची. इंग्लंडच्या वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिलं, ते 'कॅस्टर' म्हणजे एरंडावरूनच. आमच्या गाडीखालच्या नळकांड्याचा आणि त्या चकचकीत डब्याचा असा हा नातेसंबंध.

चामड्याला पर्याय शोधताना दोन वाटा निघाल्या. एक ओली वाट. बऱ्याच पातळ प्लेट एकमेकींत बसवायच्या आणि सगळं तेलातच बुडवून ठेवायचं. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी गाडीत असंच होतं. आपल्याकडच्या बजाज स्कूटरमध्येही क्लच तेलात असे आणि त्याच्या प्लेटवर बुचाच्या लाकडाचे तुकडे असत. ते ओले असतानाही पकड देतात. दुसरी वाट कोरडी. तिची गोष्ट फार मजेची आहे. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. उतारावर घोडागाडी रोखण्यासाठी शेतकरी लाकडी ब्रेकवर जुने बूट ठोकतात हे त्याने पाहिलं. त्यावरून १८९७ मध्ये त्याने घर्षणासाठी खास साहित्य बनवायला सुरुवात केली. आधी केस आणि कापूस, मग १९०८ च्या सुमारास ॲस्बेस्टॉस. त्याच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून आणि एक जादा घालून 'फेरोडो' हे नाव झालं. ॲस्बेस्टॉस जळत नाही, तापलं तरी पकड सोडत नाही, शिवाय स्वस्त. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरातल्या क्लच आणि ब्रेकमध्ये तेच राहिलं. जड ट्रकना एकच कोरडी, रुंद प्लेट सोयीची पडली.

आपल्याकडे हे ट्रक कसे आले तेही बघू. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जुळवायला सुरुवात केली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डिसोटो आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, ती बेडफर्ड. १९५४ मध्ये टाटांनी जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक सुरू केले. गूळ, कापूस, ऊस, कांदा, सगळं हळूहळू बैलगाडीवरून ट्रकवर चढलं. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक यायचं. ते मालकाच्या कपाटात जायचं. गाडी मात्र यायची मिस्त्रीकडे, आणि मिस्त्रीला इंग्रजी येत नसे. तरी गाड्या चालल्या. खंबाटकी, खंडाळा, कुंभार्ली असे घाट चढल्या. कशा? तर उस्तादाकडून चेल्याकडे, तोंडी आणि हाताने पोचलेल्या ज्ञानावर.

ते ज्ञान काय असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. गिअर बॉक्स उतरवलेला होता. नवी क्लच प्लेट कागदातून काढलेली. मी सहज हात पुढे केला तर तो म्हणाला, "बाई, प्लेटला हात नका लावू. बोटाचं तेल पण नको तिला." त्याने स्वतःचे हात साबणाने धुतले होते. फ्लायव्हीलचा आणि प्रेशर प्लेटचा चेहरा स्वच्छ फडक्याने, तेल विरघळवणाऱ्या द्रवाने पुसला. कारखान्यातून येताना गंजू नये म्हणून प्रेशर प्लेटला तेलाचा हात दिलेला असतो, तोही काढावा लागतो. ही झाली कोरडी राहण्याची जागा.

मग ओल्या जागा. मी वहीत लिहून घेतल्या, सवयच ना!

पहिली जागा शाफ्टवरच्या खाचा. क्लच प्लेटच्या मधल्या भोकात दाते असतात आणि ते गिअर बॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांत बसतात. पेडल दाबलं की प्लेटला या खाचांवरून केसभर मागेपुढे सरकता आलं पाहिजे. खाचा गंजल्या तर प्लेट अडकते, क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना खर्रखर्र आवाज येतो. म्हणून उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात तिथे द्यायचा. त्याने ग्रीस लावलं, प्लेट दोन-तीनदा आतबाहेर सरकवली आणि कडेला गोळा झालेलं सगळं पुसून टाकलं. "लावायचं आणि पुसायचं," तो म्हणाला. कारण ही प्लेट मिनिटाला दोन-तीन हजार वेळा फिरते. जास्तीचं ग्रीस भिरभिरत बाहेर उडतं आणि नेमकं घर्षणाच्या अस्तरावर बसतं. मग क्लच एकतर घसरतो, नाहीतर गाडी थरथरत उचलते.

दुसरी जागा पायलट बुश. गिअर शाफ्टचं पुढचं टोक इंजिनच्या क्रँकमधल्या एका छोट्या पितळी रंगाच्या बांगडीत टेकतं. ती दिसते साधी, पण आहे मोठी गमतीची. ब्राँझची भुकटी दाबून आणि तापवून ती बनवतात, त्यामुळे तिच्या अंगात बारीक छिद्रं राहतात आणि त्यांत तेल भरलेलं असतं. क्रायस्लरने हा प्रकार १९३० च्या दशकात 'ऑइलाइट' नावाने प्रचारात आणला. फिरताना बुश तापली की तेल बाहेर येतं, थंड झाली की बरंचसं परत आत शोषलं जातं. जणू स्वतःचं पाणी स्वतः धरून ठेवणारा रांजण! म्हणून अशा बुशला ग्रीस भरायचं नाही, छिद्रं बुजतात. त्याने ती आदल्या रात्रीपासून इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवली होती. ही बुश कोरडी पडून शाफ्टला धरू लागली, तर पेडल दाबूनही शाफ्ट फिरत राहतो आणि लोक उगाच क्लच प्लेटला दोष देतात.

तिसरी जागा रिलीज बेअरिंग. पेडल दाबलं की हे पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांना ढकलतं. ते ज्या नळीवर सरकतं तिथे पातळ ग्रीस. त्याच्या आतल्या बाजूला खाच असते, ती ग्रीसने भरायची. ग्रीस कायमचं बंद करून दिलेलं बेअरिंग असेल तर ते पेट्रोलमध्ये धुवायचं नाही, आतलं ग्रीस निघून जातं. काही जुन्या विलायती गाड्यांत बेअरिंगऐवजी कार्बनचं कडं असे, त्याला ग्रीस लागतच नाही.

चौथी जागा फोर्क, म्हणजे बेअरिंगला ढकलणारा दुबेळका. तो जिथे टेकतो ते टोक आणि त्याची दोन बोटं, इथे चिमूटभर. पेडलच्या बाहेरच्या सांध्यांना मात्र ग्रीस निपल असते. १९२९ मध्ये ऑस्कर झर्क यांना तिचं पेटंट मिळालं. तिथे ग्रीस गनने भरायचं, जुनं बाहेर येईपर्यंत.

हे सगळं करण्याआधी त्याने एक गोष्ट केली होती. इंजिनचं मागचं आणि गिअर बॉक्सचं पुढचं सील गळत नाही ना, ते तपासलं होतं. "आत तेल गळत असेल तर बाई, नवीन प्लेट महिनाभर पण टिकत नाही." मग एका जुन्या गिअर शाफ्टचा तुकडा घालून प्लेट मधोमध आणली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. यातलं काहीही त्याने पुस्तकात वाचलं नव्हतं. त्याच्या उस्तादाने दाखवलं, उस्तादाला त्याच्या उस्तादाने.

इथवर ऐकून मला फार बरं वाटलं होतं. मग माझी नजर कोपऱ्यातल्या जुन्या प्लेटकडे गेली. एका पोत्यावर ठेवलेली, वर ओलं फडकं टाकलेलं. मी विचारलं, ही ओली का? तो म्हणाला, "जुन्या प्लेटमधे ॲस्बेस्टॉस असतं. आम्ही पोरं होतो तेव्हा फुंकर मारून साफ करायचो. नंतर कंप्रेसर आला, मग हवा मारायचो. सगळं गॅरेज धुरकट व्हायचं. उस्ताद तर तोंड जवळ नेऊन फुंकायचे." थोडं थांबून म्हणाला, "शेवटी शेवटी जिना चढवत नव्हता त्यांना."

त्यांना नक्की कशाने धाप लागत होती, याचं निदान कुणी केलं नाही. विड्याही होत्या. मी इथे कसलाही निवाडा देत नाही. पण इतिहासाची शिक्षिका म्हणून मला तारखांकडे बघावंच लागतं. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलची नेली केरशॉ ही ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलेली बाई तेहतिसाव्या वर्षी वारली. विल्यम कूक या डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसात काय सापडलं ते त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी सरकारला अहवाल दिला की तपासलेल्या कामगारांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना हा आजार आहे. १९३१ मध्ये तिथे कारखान्यांसाठी धुळीचे नियम झाले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी या तंतूंचा संबंध छातीच्या एका दुर्मिळ कर्करोगाशी दाखवून दिला.

क्लच आणि ब्रेकच्या धुळीतले पुष्कळसे तंतू उष्णतेने बदलून निरुपद्रवी होतात, हे खरं. पण सगळे होत नाहीत, आणि घासून-फुंकून काढताना तर नक्कीच काही उडतात. म्हणजे ज्या वर्षी कुर्ल्याहून पहिला फार्गो निघाला, त्याच्या कितीतरी आधी ही धूळ घातक आहे हे कागदावर आलेलं होतं. आणि पुढे अनेक दशकं आमच्याकडची पोरं ती फुंकत होती.

मी यावर बरेच दिवस विचार केला. ग्रीस किती लावायचं, हे ज्ञान डेट्रॉइटहून कुर्ल्याला, कुर्ल्याहून सांगलीच्या एका पत्र्याच्या शेडपर्यंत न चुकता पोचलं. एका अक्षराचं इंग्रजी न येणाऱ्या माणसांपर्यंत पोचलं. मग धुळीचं ज्ञान का पोचलं नाही? भाषेची अडचण म्हणावी तर ती दोघांनाही सारखीच होती. मला वाटतं, फरक एवढाच की ग्रीस चुकलं तर गाडी दुसऱ्या दिवशी परत येते. मालक ओरडतो, उस्ताद कानाखाली देतो, चूक लगेच दिसते आणि शिकवली जाते. धुळीचा हिशेब वीस-तीस-चाळीस वर्षांनी येतो. तोवर गाडी भंगारात गेलेली, मालक बदललेला आणि मिस्त्री घरी खाटेवर. बैलाची मान सुजली तर मालकाला दिसायची, कारण बैल त्याचा होता. मिस्त्रीचं फुप्फुस कुणाचं?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ ला ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असं सांगितलं आणि प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायला सांगितली. निकाल मोठाच आहे. पण रस्त्याकडेच्या गॅरेजात हजेरीपट नसतो, तिथे प्रकृतीची नोंद कोण ठेवणार? ब्रिटनने १९९९ मध्ये उरलेल्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली. आपल्याकडे सरसकट बंदी अजून नाही. नव्या क्लच प्लेट ॲस्बेस्टॉसशिवाय मिळतात, पण जुना ट्रक उघडला की जुनी धूळ आत बसलेली असतेच.

आणि हल्ली जुन्या गाड्यांचा शौक वाढतोय, चांगली गोष्ट आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या 'व्हिंटेज' गाड्यांच्या नोंदणीचे नियमही केले. पण ते दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारींसाठी. ट्रक त्यात बसत नाही. राजेरजवाड्यांच्या मोटारींना वारसा म्हणायचं आणि महाराष्ट्राचा कांदा-गूळ वाहणाऱ्या ट्रकला नाही, हे मला पटत नाही. ट्रकच नाही, तर तो चालता ठेवणाऱ्या मिस्त्रीचं नाव कुठे येणार?

असो. माझ्या हातून व्हायचं ते एवढंच झालं, की त्याने सांगितलं ते मी मराठीत, मोठ्या अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं. त्याच्याकडे आता तीन मुलं काम शिकतात. एकाचं शिक्षण आठवीपर्यंत झालंय. पुठ्ठा असा आहे:

"शाफ्टच्या खाचा: पातळ ग्रीस, जादा पुसा. पायलट बुश: तेलात भिजवा, ग्रीस नको. बेअरिंगची नळी आणि फोर्कची टोकं: थोडं ग्रीस. प्लेट, फ्लायव्हील, प्रेशर प्लेटचा चेहरा: काही नाही, बोटसुद्धा नाही. जुनी धूळ: फुंकू नका, हवा मारू नका, झाडू नका. मास्क लावा. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. जेवायच्या आधी हात धुवा, कपडे बदला."

त्याने तो वाचला आणि म्हणाला, "बाई, धुळीचं सगळ्यात वर लिहा." म्हणून दुसरा पुठ्ठा लिहिला, त्यात ते वर आहे.